आंबट चहा आणि गाळलेली ओळ

ब्रह्मपुरी,
२४ मे

प्रिय रंजी,

तुझा निरोप येऊन आज नऊ दिवस झाले. मी तो वाचलाय हे तुझ्या फोनवर दिसत असेल, आणि उत्तर का येत नाही म्हणून तू रोज उघडून बघत असशील. उत्तर मी चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. फोनवर माणूस थोडक्यात लिहितो, आणि थोडक्यात लिहायला लागले की मी सोयीचं तेवढंच लिहिते, हे मला आता माझ्याबद्दल कळलं आहे. म्हणून कागद घेतला. टपालाची वाट न बघता पानांचे फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवते. तू हे एकटी असताना वाच, अंगणवाडीत नको. वाचून झाल्यावर आपली मैत्री उरेल असं मी धरून चाललेली नाही. सव्वीस वर्षांची आहे ती. तुझे बाबा, लालसूकाका, कशानं गेले याबद्दल तू जे समजून बसली आहेस ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे मला त्यांच्या मातीच्या दिवसापासून माहीत आहे. एवढं वरच लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझी हिंमत गेली तरी हे कागदावर राहील.

अब्बा बरे आहेत. हे लिहितानाही संकोच होतो, पण तू प्रत्येक निरोपात विचारतेस म्हणून सांगते. चौऱ्याहत्तर पूर्ण झाले. बसस्टँडजवळचं घड्याळांचं दुकान अजून उघडतात. हात थोडा कापतो म्हणून बारीक काम घेत नाहीत, सेल बदलून देतात आणि पट्टे लावतात. आंबट चहा ते आता घेत नाहीत. का घेत नाहीत ते पुढे लिहीन, कारण तेही तुला कधी सांगितलेलं नाही.

तुला सगळं माहीत आहे असं मी आजवर गृहीत धरलं, आणि त्यातच लपून राहिले. म्हणून पहिल्यापासून सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अब्बांना जिना चढताना छातीत जड वाटलं. नागपूरला तपासणी झाली, हृदयाच्या दोन धमन्या अरुंद झालेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, स्प्रिंग टाकायची गरज नाही, गोळ्यांवर ठेवू. रक्तातली सूज मोजायची एक तपासणी असते, सीआरपी म्हणतात, ती सहा पूर्णांक आठ आली, म्हणजे जास्त. धमनीत नुसती चरबी साचत नाही, आतून तिचं अस्तर सुजलेलं असतं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ते चित्र मी घरी आणून वहीत चिकटवलं. तुला माझ्या वह्या माहीत आहेत. हॉस्टेलवर तू हसायचीस, ‘आज डाळीत मीठ जास्त होतं हेबी लिवते का वं?’ मी खरंच लिहायची.

जूनमध्ये माझ्या भावाची, रईसची, मुलगी रुखसार नागपूरहून एक काचेची बरणी घेऊन आली. गोड केलेल्या काळ्या चहावर पांढरट, गुळगुळीत, बोटभर जाड थर तरंगत होता. तो म्हणजे चहाचं विरजण. नव्या चहात टाकायचं, तोंडाला मलमल बांधायची, आठ-दहा दिवस हलवायचं नाही. चहा आंबतो, आणि वर विरजणाचं नवं पिल्लू तयार होतं. रुखसारनं त्याचं नाव सांगितलं, कोंबुचा. अब्बा म्हणाले, ‘कोंबडी का कुछ है क्या?’ मग चष्मा वर करून बरणीत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘आंबलेलं हाये. याच्यात नशा किती?’ त्यांचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. ज्या माणसानं साठ वर्षांत ताडीचा वाससुद्धा घेतला नाही, तो आंबवलेलं काही ओठाला लावताना विचारणारच. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन मोजलं. अर्धा टक्काही भरला नाही. तो आकडा सांगूनही त्यांचं समाधान होईना. शेवटी मी म्हटलं, ‘अब्बा, याला पेय समजू नका. दवा समजा.’ ते म्हणाले, ‘दवा है तो ठीक. दवा बोल के पिऊंगा.’ त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी त्याला चहा म्हटलं नाही. दवा झाली का, दवा गाळली का, असंच. अब्बांची अडचण सुटावी म्हणून मी तो शब्द दिला. तो शब्द घरातून बाहेर पडून कुठे जाईल याचा विचार केला नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते वहीतून उतरवते, म्हणजे मला आठवणीत गोड करता येणार नाही. १४ ऑगस्टच्या पानावर लिहिलं आहे: ‘डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दहाची चाळीसची केली. म्हणाले, यानं सूजही उतरेल.’ ३० ऑगस्ट: ‘अब्बांनी विडी पूर्ण सोडली. सोळा दिवस झाले, आज कबूल केलं.’ आणि २ नोव्हेंबर: ‘सीआरपी एक पूर्णांक नऊ!’ त्या ओळीपुढे मी उद्गारचिन्ह दिलं आहे. माझ्या पंचवीस वर्षांच्या वह्यांत उद्गारचिन्हं फार नाहीत.

त्या आकड्याचं श्रेय मी कुणाला दिलं, ते तुला ठाऊक आहेच. रंजी, मी एम.एस्सी. झाले आणि वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. वीस वर्षांत मला लोकांनी विचारलेला प्रश्न एकच, ‘शिरीन, बीकर धुतले का?’ त्या नोव्हेंबरात मी स्टाफरूममध्ये अब्बांचा रिपोर्ट दाखवला, आणि पहिल्यांदा लोक खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. विभागप्रमुखांच्या घरून विरजण मागायला माणूस आला. महिला मेळाव्यात मला बोलायला लावलं. बोलण्याआधी मी प्रामाणिकपणे वाचलं होतं, ते खोटं नाही. वाचलेलं असं होतं की प्रयोग बहुतेक उंदरांवर झालेले आहेत, चरबी खाऊ घातलेल्या उंदरांच्या रक्तात आणि धमन्यांत काही ठिकाणी फरक दिसला. माणसांवरचे अभ्यास थोडे, लहान, दहा-वीस जणांचे, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मग मी दोन पानांचं पत्रक लिहिलं. त्याच्या कच्च्या खर्ड्यात हे सगळं आहे. खर्डा अजून वहीत आहे. त्यात ही ओळही आहे: ‘याच काळात माझ्या वडिलांच्या गोळीचा डोस चौपट झाला होता आणि त्यांनी विडी सोडली होती, त्यामुळे हा फरक चहामुळेच पडला असं म्हणता येणार नाही, आणि गोळ्या कुणीही बंद करू नयेत.’ ती ओळ मी खोडली. पान भरत होतं, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. पान भरत होतं हे खरंच होतं. पण खाली ‘संकलन : शिरीन, एम.एस्सी. (रसायनशास्त्र)’ एवढं मोठ्या अक्षरात लिहायला जागा उरली होती. उंदीरही मी काढून टाकले. त्यांच्या जागी ‘संशोधनात दिसून आले आहे’ असं झालं.

त्याच डिसेंबरात लालसूकाकांना झटका आला. गडचिरोलीहून नागपूर, आणि त्यांच्या धमनीत स्प्रिंग बसली. तू फोनवर रडत होतीस, आणि मी तुला धीर देताना काय म्हणाले ते आठवतं का? मी म्हणाले, ‘घाबरू नको, माझ्याकडे एक दवा आहे.’ दवा म्हणाले मी. पत्रक तुला फोटो काढून पाठवलं. जानेवारीत तू काकांना घेऊन धानोऱ्याहून आरमोरीमार्गे आलीस, बरणी न्यायला. काकांना जीपनं त्रास होईल म्हणून मी नको म्हणत होते, तर ते तुला म्हणाले होते म्हणे, ‘दवा देनाऱ्याचं तोंड पाह्यल्याबिगर दवा घेत नाई मी.’

त्या दुपारचं मी किती वेळा आठवलं असेल. अब्बांच्या दुकानात दोन म्हातारे समोरासमोर बसले. अब्बांनी विचारलं, ‘भाऊ, तुमचे कित्ती बंद हायेत?’ काका म्हणाले, ‘एकच. पन त्याच्यात लोखंड टाकलं.’ ‘मग तं तुमी महाग झाले.’ ‘व्हय ना. आता भंगारवाल्यापासून जपून ऱ्हा लागते.’ तू आणि मी दारात हसत होतो. काकांनी अब्बांना विचारलं, ही दवा घेऊन किती दिवस झाले. अब्बा म्हणाले, सात महिने, आता बडी मशिदीच्या पायऱ्या चढतो तरी दम लागत नाही. ते खरं बोलले. दुपारचे दोन वाजले होते, दुकानात समोर फक्त चहाचा पेला होता. अब्बांच्या गोळ्या रात्री ईशाच्या नमाजनंतर असतात, घरी, निळ्या डबीत. त्या काकांना दिसायचं कारणच नव्हतं. मला दिसत होत्या, आणि मी काही बोलले नाही.

मग काकांनी मला विचारलं, ‘बाई, पथ्य काय याचं?’ मी हसले. म्हटलं, ‘काहीच नाही काका. मोहाची दारू सोडा म्हणजे झालं.’ ते म्हणाले, ‘महू तं डाक्टरनंच सोडवला. आता हेच माहं महू.’ आणि जमिनीवर चार थेंब सांडून, पूर्वजांचं नाव घेऊन, मग पहिला घोट घेतला. चव पाहून म्हणाले, ‘मोहाले याची सर नाई. पन बाईनं देल्लं, तं चांगलंच असन.’ पथ्याचा प्रश्न मला तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा साधा प्रश्न वाटला. तो सगळ्यात मोठा प्रश्न होता. सांगते कसा.

आपण बी.एस्सी.च्या आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, दिवाळीच्या सुटीत मी तुझ्या घरी राहिले होते. मला ताप भरला. काका आजूबाजूच्या तीन गावांना काविळीचं आणि तापाचं मूळ द्यायचे, लोक दिवस-दिवस चालत यायचे त्यांच्याकडे. ते मुळी उगाळायला बसले आणि सहज विचारलं, ‘काही घेतलं का बाई?’ मी म्हटलं, सकाळी तापाची गोळी घेतली. त्यांनी सहाण धुऊन ठेवली. ‘मग माही दवा नाई देत. दोन दवा एका आंगात भांडतेत. एक चालू असन तं दुसरी बंद, हेच पथ्य.’ तू हसलीस, मी रागावले, कारण मला ती मुळी घेऊन बघायची होती. रंजी, मला हे माहीत होतं. वीस वर्षांची असल्यापासून माहीत होतं. त्या वर्षीच्या वहीत लिहिलेलंसुद्धा आहे. आणि त्या माणसाच्या हातात मी बरणी ठेवली, तिला दवा म्हटलं, आणि त्यानं पथ्य विचारलं तेव्हा हसले.

२६ फेब्रुवारीला तुझा फोन आला. तू खूश होतीस. ‘बा आता फकस्त तुहीच दवा घेते. गावात सांगत फिरून राह्यला, माह्या पोरीच्या दोस्तनीची दवा हाये म्हनून. लय मानते तुले.’ मला काय वाटलं ते लपवत नाही. मला अभिमान वाटला. फोन ठेवल्यावर संध्याकाळी वहीत लिहायला बसले तेव्हा खटकलं. त्या पानावर असं आहे: ‘रंजीचा फोन. काका फक्त हीच दवा घेतात म्हणाली. फक्त म्हणजे? गोळ्या? विचारलं पाहिजे.’ दुसऱ्या दिवशीच्या पानावर कॉलेजच्या परीक्षेचं आहे. तिसऱ्या दिवशी अब्बांच्या दाताचं. चौथ्या दिवशी लिहिलं आहे, ‘रंजीला फोन करायचा राहिला.’ राहिला नव्हता. मी फोन हातात घेतला होता आणि ठेवला होता. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की अब्बा गोळ्या घेतात, डोस चौपट आहे, पत्रकात ती ओळ नाही. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या एका कार्यक्रमात मला बोलावलं होतं. मी स्वतःशी म्हटलं, काका अनुभवी माणूस, नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल, रंजी शिकलेली आहे, ती बघेल. सगळ्यांवर मी विश्वास टाकला, फक्त एक फोन केला नाही. ९ मार्चला सकाळी मोहाखाली फुलं वेचता वेचता काका बसले ते उठलेच नाहीत.

मी आले तेव्हा घरात बायका भरल्या होत्या. तू मला मागच्या पडवीत नेलंस आणि बरणी दाखवलीस. विरजणावर हिरवट काळी बुरशी धरली होती, दोन बोटं एवढा डाग. तू म्हणालीस, ‘माह्या हातानंच बिघडलं शिरीन. मले समजलं नाई. मी पाजत राह्यले त्याले.’ मी त्या डागाकडे पाहिलं. एवढ्या बुरशीनं पोट बिघडतं, उलटी होते. हृदय असं एका सकाळीत थांबत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणाले, ‘बुरशी आली की असं होऊ शकतं.’ हेच शब्द. ते मी वहीत लिहिलेले नाहीत. माझ्या वहीत न लिहिलेलं हे एकच वाक्य असावं.

तू आत गेलीस आणि तुझ्या आई, सोमारीआई, बाहेर आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, नागपूरची फाइल आणि गोळ्या. दोन प्रकारच्या, रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या. स्प्रिंग टाकल्यावर वर्षभर त्या एक दिवस चुकवायच्या नसतात. चुकवल्या तर स्प्रिंगमध्येच गुठळी होऊन ती बंद पडते. जानेवारीपर्यंतच्या पट्ट्या रिकाम्या, पुढच्या सगळ्या भरलेल्या. आई मला विचारत होत्या, ‘बाई, ह्या तशाच हायेत. दुकानवाला वापस घेते का?’ मी विचारलं, बंद का केल्या. त्या माझ्याकडे आश्चर्यानं बघून म्हणाल्या, ‘तुही दवा चालू होती ना वं. दुसरी कशी देनार?’ त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल राग नव्हता. उलट पथ्य नीट पाळल्याचं समाधान होतं. मी पिशवी घेतली, ‘मी बघते’ म्हणाले, आणि ती घेऊन आले. ती माझ्याकडे आहे. मी ती का आणली, याचा मी वर्षभर विचार केला. आईंच्या नजरेसमोरून त्रास दूर करावा म्हणून, असं आधी वाटायचं. आता वाटत नाही. तू ती पाहू नयेस म्हणून आणली.

अब्बांना मी तीन दिवसांनी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘लालसूभाऊ गोली लेते थे ना?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी ओठाजवळचा पेला खाली ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘दवा तूने बोला था. मेरे वास्ते बोला था, मालूम है. पर उनको किसने बताया कि झूठमूठ की दवा है?’ त्या दिवसापासून त्यांनी आंबट चहा घेतला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सीआरपी केली. एक पूर्णांक सात. चहा बंद, गोळ्या चालू, विडी बंद, आणि सूज होती तिथेच. एका म्हाताऱ्याचे तीन आकडे म्हणजे पुरावा नाही, हे मला आता कळतं. तेव्हाही पुरावा नव्हता. त्या चहात काही गुण असेलही, मी नाही म्हणत नाही. मला माहीत नाही. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द मी पत्रकावर लिहिले असते तर दोन पानांतही बसले असते.

मग मी काय केलं विचारशील. पत्रक वाटणं थांबवलं. आणखी काही नाही. कुणी विरजण मागितलं तर ‘मेलं’ म्हणून सांगितलं. ज्या बावीस घरी दिलं होतं त्यातल्या कुणाकडे जाऊन गोळ्यांबद्दल विचारलं नाही. या नऊ दिवसांत विचारलं. एकोणीस जणांच्या बाबतीत काही धोका नाही. दोघांना तर त्याची चव आवडत नव्हती, त्यांनी कधीच फेकून दिलं होतं. एकानं रक्तदाबाची गोळी बंद केली होती, त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे गेले, माझं पत्रकही दाखवलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘हे कुणी लिहिलं?’ मी म्हटलं, मी. मान वर करून माझ्याकडे पाहिलं त्यांनी, आणि लिहायला लागले.

तुझ्याबद्दल मला कळत होतं, हे सगळ्यात वाईट. दिवाळीला सोमारीआईंशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी सांगितलं, तू आता हातानं लोणचं घालत नाहीस, दही लावत नाहीस, अंगणवाडीतली खिचडी मदतनीस बाईला ढवळायला लावतेस. विहिरीवर गावातल्या दोन-तीन बायका म्हणतात, ‘हिच्या हातानं बापाले काय पाजलं माईत नाई, आमच्या लेकरायले नको.’ आई म्हणाल्या, ‘तू समजाव वं तिले, तुहं आयकते.’ मी तुला फोन केला. हवापाण्याचं बोलले, ‘स्वतःला दोष देऊ नकोस’ असं म्हणाले, आणि दोष कुणाचा ते सांगितलं नाही. तू म्हणालीस, ‘तू लय चांगली हायेस म्हनून असं म्हन्ते.’ ते ऐकून मी फोन ठेवला नाही, आणखी पाच मिनिटं बोलत राहिले. हेही लिहून ठेवते.

आणि आता तुझा निरोप. तो मी इथे तुझ्याच शब्दांत उतरवते, म्हणजे मी का लिहायला बसले ते तुला कळेल. ‘शिरीन, आईले गडचिरोलीले दाखवलं. मानेतल्या नसीत अडथळा हाये मनते, गोळ्या देल्ल्या. तू विरजन पाठवशीन का? मागच्या खेपेले माह्या हातून बिघडलं. या खेपेले बरनी उकळून घेईन, हात लावनार नाई, तू सांगशीन तसंच करीन. आई पथ्य पाळायले तयार हाये.’ विरजण मी पाठवत नाही, रंजी. तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. आईंच्या गोळ्या आजच्या आज डबीतून काढून बघ. पथ्य म्हणून त्यांनी आधीच बंद केल्या असतील तर हे पत्र अर्धवट टाक आणि आधी त्या सुरू कर, गडचिरोलीला फोन कर, मला शिव्या नंतर दे. रविवारी सकाळच्या गाडीनं मी धानोऱ्याला येते. काकांची पिशवी आणि वह्या घेऊन येते. आधी आईंना सांगीन, मग विहिरीवर ज्या बायका तुझ्या हाताबद्दल बोलतात त्यांना, नावानिशी, गोळ्या दाखवून. तुला सोबत यायची गरज नाही. तू दार लावून घेतलंस तरी मी विहिरीवर जाईन, तिथला रस्ता मला माहीत आहे.

अजून तरी तुझीच,
शिरीन